कंट्रोलचं पाणी

"मामा, ही अळी कुठल्या ट्रेमधली?"

चष्मेवालीनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच विचारलं. मामांच्या हातात ड्रॉपर होता आणि ड्रॉपरमध्ये पुढची लाल अळी वळवळत होती.

"कंट्रोलच्या. सकाळी तुमच्यादेखतच काढली की."

"नक्की ना? नदीच्या गाळातली चुकून आली नाही?"

"ताई, सत्तावीस वर्षं झाली मला. ह्या ट्रेमधली अळी त्या ट्रेमध्ये जायची झाली तर तिला आधी माझ्याकडे अर्ज करावा लागतो."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. तिनं काच बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "दुसरी द्या."

सगळी संस्था त्यांना डासमामा म्हणायची. वास्तविक मामांनी आयुष्यात डास पाळले नव्हते. त्यांनी पाळली ती चिलटं, जी चावत नाहीत, गुणगुणत नाहीत, मोठी झाल्यावर काही खातसुद्धा नाहीत. जाळीच्या पेटीत चार दिवस उडतात, पाण्यावर अंड्यांची चिकट माळ सोडतात आणि मरतात. हे मामांनी शिपायापासून संचालकांपर्यंत प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं. ऐकणारा मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "बरंय डासमामा, येतो." शेवटी त्यांनीही नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं!

पण काम त्यांचं लाखात एक. चिलटांच्या अळ्या गाळात राहतात आणि गाळातलं विष आधी त्यांना कळतं, म्हणून नदीच्या पाण्याची परीक्षा घ्यायची तर त्यांच्याकरवी. त्या अळ्या वाढवायच्या, निवडायच्या, मोजायच्या हे मामांचं काम. शिवाय चष्मेवालीसारखे संशोधक पेशींच्या अभ्यासाला आले की अळीच्या लाळग्रंथी काढून देण्याचं कामही त्यांचंच. दोन सुया घ्यायच्या. एक अळीच्या पाठीवर, दुसरी डोक्यामागे. एकच ओढ. डोक्याबरोबर दोन पारदर्शक थेंब बाहेर यायचे, त्या ग्रंथी. भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांच्या हातून दहातल्या सात फाटायच्या, मामांच्या हातून एकही नाही. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास.

त्या ग्रंथींना रंग देऊन काचेखाली दाबलं की पट्ट्यापट्ट्यांची चार जाड गुणसूत्रं दिसत. सर्वांत आखूड गुणसूत्रावर एक फुगीर कडं असतं. कडं टच्च फुगलेलं असलं तर पेशी जोमात आहे. विष लागलं की कडं बसतं. एवढं मामांना न शिकवताही कळत होतं.

दुसरी अळी झाली, तिसरी झाली. अकराव्या अळीनंतर चष्मेवालीनं मामांना हाक मारली. "बघा तुम्हीच."

मामांनी डोळा लावला. कडं बसलेलं होतं.

"गाळातल्या अळ्यांचं बसलं तर समजू शकते मी," ती म्हणाली. "पण ही तर कंट्रोलची. हिला काय झालंय?"

कंट्रोल म्हणजे विष नसलेली बाजू. एकीकडे नदीचा गाळ, दुसरीकडे धुतलेली वाळू आणि चांगलं पाणी. दोन्हीकडे सारख्याच अळ्या. दहा दिवसांनी दोन्हीकडच्या मोजायच्या. गाळातल्या किती मेल्या ह्याला एकट्याला काही अर्थ नसतो, चांगल्या पाण्यातल्यांपेक्षा किती जास्त मेल्या ह्याला असतो. मामांना कामाला लावणारे थोरले सर म्हणायचे, "कंट्रोल म्हणजे शेताचं कुंपण. ते धड तर सगळं धड." सर निवृत्त झाले, वारलेही. त्यांचं वाक्य मामांनी जपलं होतं.

चष्मेवालीनं मग तीस अळ्यांची डोकी कापून दात तपासले. अळीला दातांची एक छोटी पट्टी असते, करवतीसारखी. तिसांपैकी अकरांचे दात वाकडे किंवा गळालेले निघाले. तीन-चार निघाले असते तर चाललं असतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कल्चर बिघडलंय. सगळे ट्रे उकळून काढा. दुसऱ्या संस्थेकडून अंडी मागवा आणि पुन्हा लावा. मामा, नदीचा अहवाल दोन महिन्यांत द्यायचाय, लक्षात आहे ना?"

मामांच्या लक्षात होतं. वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना होता. त्याच्याखालच्या गाळाची परीक्षा हीच प्रयोगशाळा दरवर्षी करायची आणि गेली तीन वर्षं अहवालात एकच ओळ जायची: कंट्रोलच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही. गाळात दहातल्या चार मरायच्या, कंट्रोलमध्ये तीन. तीनपर्यंत नियमात बसतं. मामांना ते 'तीन' खटकायचं. पूर्वी एखादीच मरायची. पण त्यांनी खाद्याला दोष दिला, उन्हाळ्याला दिला, स्वतःच्या वयालाही दिला. एका गोष्टीला मात्र त्यांनी दोष दिला नाही. तिच्यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

नवी अंडी आली. चष्मेवालीनं ह्या खेपेला शुद्ध पाण्यात मोजून क्षार घातले आणि अर्ध्या अळ्या त्यात वाढवल्या. अर्ध्या नेहमीच्या पाण्यात, कोपऱ्यातल्या दोन पांढऱ्या कॅनमधल्या. तीन आठवड्यांनी तिनं काचा लावल्या. तिच्या पाण्यातली कडी टच्च फुगलेली. कॅनच्या पाण्यातली बसलेली.

"सापडलं!" ती खुर्चीतून उठलीच. "मामा, अळ्यांचा दोष नाही. पाण्याचा आहे. आपल्या नळाच्या पाण्यात काहीतरी आहे. म्हणजे बघा, सगळं शहर ते पितंय! आजच्या आज पालिकेला कळवायला हवं."

मामांनी कोपऱ्यातल्या कॅनकडे पाहिलं. त्यांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या.

कारण कॅनमधलं पाणी नळाचं नव्हतंच.

पंधरा वर्षांपूर्वी नळाच्या पाण्यात औषधाचा मारा वाढला होता आणि कंट्रोलच्या अळ्या पटापट मरायला लागल्या होत्या. पाणी दोन-दोन दिवस उघडं ठेवून पाहिलं, उपयोग शून्य. थोरले सर वैतागून म्हणाले, "मामा, कुठूनही आणा, पण चांगलं पाणी आणा." मामांनी दुसऱ्या दिवशी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून घरच्या विहिरीचं पाणी आणलं. एकही अळी मेली नाही. सरांनी पाठ थोपटली. तेव्हापासून दर सोमवारी दोन कॅन ठरलेले. सर गेले, मॅडम आल्या, फॉर्म छापील झाले. त्यात 'कंट्रोलचे पाणी' ह्या रकान्यापुढे आधीच छापलेलं असायचं: नळाचे, क्लोरीन उडवलेले. खाली मामांची सही. आपण काही खोटं करतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. चांगल्याच्या जागी त्याहून चांगलं दिलं, त्यात लबाडी कसली?

ती विहीर त्यांच्या वडिलांनी स्वतः खणली होती, मामा बारा वर्षांचे असताना. नदी तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी आरशासारखं आणि चवीला गोड. घरी कुणी आलं की चहाच्या आधी मामा पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि घोट घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांची बायको म्हणायची, "पाहुण्याला कळू दे तरी, पाणी प्यायला बोलावलंय म्हणून."

त्या दिवशी मामा वेळेआधी घरी निघाले. सायकल हातात धरून चालतच गेले.

दारात नात बसली होती, सहा वर्षांची. जावई जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने बाहेर, म्हणून मुलगी आणि नात मामांकडेच असायच्या. नातीच्या हातात एक लिटरची पारदर्शक बाटली होती. तिच्यावर प्रयोगशाळेतल्या न पुसणाऱ्या पेननं आडव्या रेघा मारलेल्या आणि प्रत्येक रेघेशी आकडा: आठ, दहा, बारा, दोन, चार.

"आजोबा, आज मी चारची रेघपण संपवली! आईनं सांगायच्या आधी!"

ती बाटली मामांनी बायकोसाठी केली होती.

तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर प्या, औषधापेक्षा तेच काम करेल. मामांना केवढा आनंद झाला होता! दुसरं काही मागितलं असतं तर कमी पडले असते, पाणी मागितलं होतं. त्यांनी बाटलीवर रेघा मारल्या, वेळा लिहिल्या आणि कामावर जाताना बजावलं, "आल्यावर तपासणार." बायको म्हणाली, "मला काय ट्रेमधली अळी समजलात? मोजून खायला, मोजून प्यायला!" पण प्यायची. नको नको म्हणत रोज तीन बाटल्या. दुखणं वाढलं तशी मामांनी चौथी चालू केली. पुढे डॉक्टरांनीच पाणी तोडायला सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही, काहींचं असं होतं.

शेवटच्या आठवड्यात ती पाण्यासाठी तळमळायची. "घोटभर द्या हो, आपल्या विहिरीचं." मामा ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायचे. त्याच पाण्यानं.

मामांनी नातीच्या हातातून बाटली हिसकावली. उरलेलं पाणी अंगणात ओतलं, बाटली पालथी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली. नात आधी बघत राहिली आणि मग तिनं भोकाड पसरलं. शाबासकीच्या वेळी हे काय झालं, ते तिला कळेना.

मुलगी आतून धावत आली. "बाबा, काय झालं? काही पडलं का बाटलीत?"

"मुंगी होती."

"मुंगीसाठी एवढं?"

"आजपासून विहिरीचं पाणी नको. प्यायलाही नको, स्वयंपाकालाही नको. नळाचं घ्या."

"नळाचं?" मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच सांगायचात ना, नळाच्या पाण्यापेक्षा तहानलेलं राहिलेलं बरं? आई आजारी होती तेव्हा मी नळाचं उकळून दिलं, तर तुम्ही मोरीत ओतलंत. आठवतं?"

मामांना आठवत होतं. ते पायरीवर बसले. मुलीनं नातीला कडेवर घेतलं. तिच्या डोळ्यांत प्रश्न होता, पण बापाचा चेहरा बघून तिनं तो विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं मामांना वाटत राहिलं.

सकाळी ते मॅडमच्या खोलीत गेले. चष्मेवाली आधीच तिथे होती, पालिकेला द्यायच्या पत्राचा मसुदा घेऊन.

"मॅडम, ते पत्र पाठवू नका. पाणी नळाचं नाही. माझ्या विहिरीचं आहे."

मॅडमना आधी अर्थच लागला नाही. मामांनी सगळं सांगितलं: थोरले सर, सायकल, सोमवारचे कॅन. सांगताना ते उभे होते, बसा म्हटल्यावरही बसले नाहीत. मॅडमनी कपाटातून तीन वर्षांचे तीन अहवाल काढून टेबलावर ठेवले, पण उघडले नाहीत.

"मामा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय ते? तुमची विहीर नदीकाठी. कारखान्याचं जे नदीत मुरलं तेच तुमच्या विहिरीत मुरलं असणार. म्हणजे आपण विषाची तुलना विषाशी केली. तीन वर्षं! आणि खाली 'फरक नाही' म्हणून माझी सही."

"होय."

"फॉर्मवर मात्र नळाचं पाणी. तिथे तुमची सही."

"होय."

मॅडम खिडकीकडे बघत बोलल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. मामांच्या बायकोच्या आजारपणात त्यांनी दोन महिन्यांची रजा कुणाला न विचारता मंजूर केली होती. "तुम्हाला निवृत्तीला तीन महिने आहेत. कॅन बदलता येतील. ह्या वर्षीचा अहवाल नीट करू, खरा आकडा देऊ. मागचं उकरून कुणाचं भलं होणार आहे? हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी समजते."

"मी सांगितलंय, मॅडम."

"चौकशी होईल. पेन्शन अडकेल. लोक म्हणतील, शिपायानं प्रयोगशाळा बुडवली."

"म्हणू देत." मामा म्हणाले. "माझ्या विहिरीच्या खालच्या अंगाला तीस घरं आहेत, मॅडम. त्या सगळ्यांच्या विहिरी आहेत. ते विचारायचे, डासमामा, तुमच्याकडे नदीची तपासणी असते, पाणी बरं आहे ना? मी छाती काढून सांगायचो, बिनधास्त प्या, अहवाल आलाय. मला आता त्यांच्या दारात जायचंय. जाताना खिशात कागद पाहिजे."

चष्मेवालीनं पत्राचा मसुदा फाडला आणि म्हणाली, "मॅडम, विहिरीची परीक्षा मी लावते. नमुना आजच घेते."

मॅडमनी तिन्ही अहवाल स्वतःकडे ओढले आणि त्यातला पहिला उघडला.

चष्मेवाली दुपारी निर्जंतुक बाटल्या घेऊन मामांच्या घरी आली. मुलीनं तिला चहा विचारला आणि लगेच म्हणाली, "नळाच्या पाण्याचा आहे." नात दाराआडून बघत होती, आजोबांशी तिचा अबोला अजून संपला नव्हता. मामांनी स्वतः पोहरा सोडला. पाणी वर आलं, नेहमीसारखं आरशासारखं. ते बघून त्यांना क्षणभर वाटलं, चूक झाली असेल. काच चुकली असेल, रंग चुकला असेल. इतकं स्वच्छ पाणी कसं काय असं करेल? मग त्यांनी बाटली भरली आणि झाकण घट्ट लावलं.

परीक्षा दहा दिवस चालली. चार भांड्यांत विहिरीचं पाणी, चार भांड्यांत चष्मेवालीचं शुद्ध पाणी, प्रत्येकात दहा अळ्या. मामा रोज सकाळी खाद्य घालायचे, पाण्यातली हवा बघायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. संस्थेत कुजबुज पसरली होती. डासमामा अशी हाक कुणी मारेना, सगळे एकदम 'मामा' म्हणायला लागले. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

दहाव्या दिवशी मोजायचं होतं. चष्मेवाली म्हणाली, "मी मोजते, तुम्ही राहू द्या."

"वाळूतली जिवंत अळी तुम्हाला दिसायची नाही. त्याला सवय लागते."

त्यांनी चाळण घेतली. शुद्ध पाण्याच्या चार भांड्यांतून एकोणचाळीस अळ्या निघाल्या, लालभडक, वळवळणाऱ्या. मग विहिरीचं पहिलं भांडं घेतलं. तीन. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात चार. चौथं भांडं त्यांनी दोनदा चाळलं, वाळू बोटांनी सारून बघितली. एक अळी सापडली. फिकी झालेली, ब्रशच्या केसानं डिवचल्यावर जेमतेम वळली.

"ही जिवंत धरायची का?" चष्मेवालीनं हळूच विचारलं.

"हलली ना? मग जिवंत."

"चाळिसांत दहा," तिनं लिहिलं. जुन्या अळ्या पिढ्यानपिढ्या त्याच पाण्याला सरावल्या होत्या, ह्या बाहेरून आलेल्या नव्हत्या. नदीच्या गाळाचे ह्याच अळ्यांवरचे ह्या वर्षीचे आकडे शेजारच्याच पानावर होते. तेही जवळपास तेवढेच.

बाहेरून कारखान्याचा दुपारचा भोंगा ऐकू आला. तो रोज वाजायचा.

"फॉर्म भरायचा राहिलाय," ती म्हणाली. "मी भरू?"

"द्या इकडे."

मामा स्टुलावर बसले. चष्मा लावला. त्यांचं अक्षर मोठं होतं, शाळकरी पोरासारखं. नमुन्याचे ठिकाण ह्यापुढे त्यांनी लिहिलं: माझ्या घरची विहीर. वापर: पिण्यासाठी. किती वर्षांपासून: सत्तेचाळीस. कंट्रोलचे पाणी ह्यापुढे छापलेली ओळ त्यांनी खोडली आणि खरं काय ते लिहिलं. शेवटचा रकाना होता, पाणी पिणाऱ्या व्यक्तींची संख्या. तिथे त्यांनी चार लिहिलं.

चष्मेवाली मागे उभी राहून वाचत होती. तिला घर आठवलं. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही, तुमची मुलगी आणि छोटी. तिघंच ना?"

"चार होतो, ताई," मामा म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.